तांत्रिक कारणांमुळे

"म्हणजे माझं मराठी हीच चूक होती, असं छापून आणणार तुम्ही?"

"तुझं मराठी चूक नाही गं. त्या ठिकाणी ते असणं चूक होतं."

"वा. म्हणजे डाग वाईट नाही, साडीवर पडला हे वाईट."

"अदिती, आवाज खाली. पलीकडं सहनाकडं पेशंट बसलेत."

"ऐकू देत की. ज्या पेपरवर त्यांचे उपचार उभे आहेत, तो पेपर लिहिणारी बाईच तो मागं घेतेय, हे त्यांनाही कळू दे."

"मागं नाही घेत. दुरुस्ती करतेय."

"मुख्य निष्कर्ष काढून टाकल्यावर मागं काय उरतं, सिंधूताई? संदर्भसूची?"

एरवी सिंधूताई हसल्या असत्या. आज त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. त्या हे करायला लागल्या की समोरच्यानं ओळखायचं, आता डोंगर हलेल पण बाई हलायच्या नाहीत.

टेबलावर दोन पानं होती. दोघींच्या जुन्या शोधनिबंधाच्या दुरुस्तीचं टिपण. तळाशी दोन नावं, एकापुढं सही झालेली, दुसऱ्यापुढं कोरी जागा. नियतकालिकाचा नियम सरळ होता. पेपर दोघींचा, तर दुरुस्तीलाही दोघींची संमती. अदितीची सही नसेल तर ती दोन पानं या खोलीतून बाहेर जाणार नव्हती, आणि डॉ. सिंधू घाटगे पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. पुस्तकं खोक्यांत गेली होती. भिंतीवर जिथं मेंदूची चित्रं टांगलेली होती तिथं आता फिकट चौकोन दिसत होते.

माणूस ऐकतो, बोलतो, आठवतो, तेव्हा त्याच्या मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, याची चित्रं घेण्यात सिंधूताईंचं आयुष्य गेलं होतं. अशा माणसाला मोठ्या शहरांत मान असतो. म्हैसुरात दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना त्या 'डोकं बघणाऱ्या डॉक्टर' म्हणून ठाऊक होत्या, आणि डोकं दुखलं की माणसं त्यांच्याकडं गोळी मागायला यायची. मी गोळ्यांची डॉक्टर नव्हे, हे सांगून सांगून त्या थकल्या आणि शेवटी घरात गोळ्या ठेवायला लागल्या.

घाटगे म्हैसुरात कोणत्या पिढीत आले हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. वडील भुजंगराव कानडी शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठीच, पण कशी, तर तिसरा शब्द कानडी. "बेगा ये गं, सारु गार व्हायलंय." बेगा म्हणजे लवकर, सारु म्हणजे आमटी; हे मराठी आहे, याबद्दल सिंधूला कधी शंका आली नव्हती. एमएस्सीला ती पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये म्हणाली, "स्वल्प सारु वाढा," आणि टेबलावरच्या मुली जेवायच्या थांबल्या.

"काय वाढू?"

"सारु. थोडं."

"मग थोडं म्हण की. तू नक्की मराठी ना गं?"

वाईट नव्हत्या त्या मुली. तिच्या तापात त्यांनीच रात्र जागवली होती. पण तिचं नाव 'स्वल्प' पडलं ते पडलंच. सिंधूनं मग पुण्याचं मराठी शिकून घेतलं, जसं कुणी गाणं शिकतं तसं, कान देऊन, स्वर घोटून. दुसऱ्या वर्षी परगावची एक मुलगी तिला विचारायला आली, तुम्ही सदाशिव पेठेतल्या का. त्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा भुजंगराव स्वयंपाकघरातून म्हणाले, "घरात रेडिओ कुणी लावला?" आणि हसले. तीही हसली. पण त्यानंतर घरातलं मराठी घरात आणि बाहेरचं बाहेर, अशी तिनं वाटणी करून टाकली ती कायमची.

पुढं बंगळूरला पीएचडी, मग काही वर्षं जर्मनी. तिथं तिनं पहिल्यांदा स्वतःच्याच मेंदूचं चित्र पाहिलं. आई आजारी पडली म्हणून परत आली, इथल्या वाचा आणि श्रवणाच्या संस्थेत लागली आणि राहिली. सोबतचे म्हणाले, म्हैसुरात काय करणार, तुमच्याकडं स्कॅनरसुद्धा नाही. खरंच नव्हता. बेळगोळच्या रस्त्यावरच्या एका खासगी इस्पितळाकडं होता. त्यांच्या दारात चकरा मारून सिंधूताईंनी रविवारची दुपार मिळवली.

स्कॅनर मिळाला तर बायका मिळेनात. सिंधूताईंना हव्या होत्या जुन्या मराठी घरांतल्या वयस्क बायका, दोन्ही भाषा एका ताटात कालवून बोलणाऱ्या. त्या यायच्या, चहा घ्यायच्या, आणि मंगळसूत्र काढायचं म्हटलं की उठून चपला शोधायच्या. त्या नळीत लोहचुंबक असतं, धातू चालत नाही, हे समजावून उपयोग नव्हता. "नवरा घरी बसलाय माझा, आणि मी इथं गळा मोकळा करून झोपू? सुम्ने उगाच काहीतरी बोलू नकोस, सिंधू."

त्या आठवड्यात सिंधूताईंनी बाजारातून हळकुंडं आणली, पिवळ्या दोऱ्यात बांधली आणि डबा भरून इस्पितळात ठेवली. जिला मंगळसूत्र वाढवायची वेळ येते ती गळ्यात हळकुंड बांधते, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. हळकुंडात धातू नसतो. एकेक बाई दोरा बांधायची, मग मंगळसूत्र उतरवून सुनेच्या हातात द्यायची आणि राणीसारखी नळीत जायची. 'धातूच्या दागिन्याऐवजी हळकुंड' हे वाक्य सिंधूताईंच्या पेपरात छापून आलं, आणि नंतर दुसऱ्या राज्यांतल्या प्रयोगशाळांतून पत्रं आली, दोरा केवढा ठेवता म्हणून.

आणि पेपरातला निष्कर्ष. त्यानंच त्यांचं नाव झालं. नळीत पडलेल्या माणसाला कानातून दोन प्रकारची वाक्यं ऐकवायची, शुद्ध मराठी आणि कालवलेली. चित्रात असं दिसलं की शुद्ध मराठी ऐकताना या मंडळींच्या मेंदूचा पुढचा भाग, जो अवघड कामाला लागतो, तो जास्त राबतोय. कालवलेलं ऐकताना तो निवांत आहे. म्हणजे भाषा कालवणं हे मेंदूला ओझं नाही, विसावा आहे. जगभरातल्या अभ्यासकांनी हे उचललं, पाठ्यपुस्तकांत आलं. पण सिंधूताईंना त्याहून मोठं वाटायचं ते पलीकडच्या खोलीतलं. पूर्वी पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस कृष्णराजनगरहून, पिरियापट्टणहून इथं यायचा, तेव्हा त्याला सांगत, एक भाषा निवडा, तीच बोला. पेपर आल्यावर संस्थेनं नियम बदलला. घरी बोलता तसं बोला. माणसं बोलायला लागली.

हा सगळा इमला गेल्या महिन्यात निशांतनं हलवला. त्यांचा शेवटचा विद्यार्थी, मूळचा साताऱ्याचा. तोच प्रयोग त्यानं नव्यानं केला, फक्त दोन्ही प्रकारची वाक्यं एकाच बाईच्या आवाजात घेतली, इथल्याच एका बाईच्या. फरक गायब. शुद्ध असो, कालवलेलं असो, मेंदू सारखाच निवांत. "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसरा आलेख उघडायच्या आधीच सिंधूताईंना कळलं होतं.

कारण मूळ प्रयोगात आवाज दोन होते. कालवलेली वाक्यं सिंधूताईंची. शुद्ध वाक्यं अदितीची.

"आवाजाची उंची जुळवली होती आपण," अदिती आता म्हणत होती. "वेग जुळवला होता. परीक्षकांनी विचारलं, आपण उत्तर दिलं, त्यांनी मान्य केलं."

"परीक्षक परदेशातले. त्यांच्या कानाला दोन्ही मराठीच. नळीत झोपलेली आमची सुंदरमावशी, तिच्या कानाला एक घरचं माणूस आणि एक बातम्या देणारी बाई. ती सावरून बसली. झोपल्या झोपल्या सावरून बसली. त्याचं चित्र काढलं आपण."

"बातम्या देणारी." अदिती खुर्चीत टेकली. "सिंधूताई, मी चिंचवडहून इथं आले तेव्हा मला भाजीवाल्याशी बोलता येत नव्हतं. नवरा सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचा, मग दिवसभर मी आणि भिंती. तुमची जाहिरात दिसली, मराठी वाचणारी बाई हवी. तुमच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी 'पाहुणे आले आहेत, पाट मांडा' हे वाचलं, आणि या गावात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, फार छान. ते तुम्ही म्हणालात. त्या वाक्यांवरून मी इथली झाले."

"ठाऊक आहे."

"आणि आता माझी बढतीची फाईल वर गेलीय, तेव्हा तुम्ही सांगता की ती वाक्यं परकी होती."

"तुझ्या फाईलसाठी खोटं राहू देऊ का?"

"फाईल घाला चुलीत. पलीकडच्या पेशंटचं काय? आधार गेला की संस्थेची समिती म्हणेल, चला, पुन्हा एक भाषा. तुम्ही पेन्शन घेऊन घरी. ऐकायला मी."

हे मात्र लागलं. सिंधूताई उठल्या. "ये माझ्याबरोबर."

"कुठं?"

"पलीकडं. मत्ते भांड."

मत्ते म्हणजे मग, नंतर; रागावल्या की त्यांच्या तोंडून असा एखादा कानडी शब्द निसटायचा. अदितीनं तो ऐकला आणि पाठोपाठ निघाली.

पलीकडच्या खोलीत सहना, तिथली उपचार करणारी मुलगी, सयाजीरावांसमोर चित्रांचे पत्ते मांडून बसली होती. सयाजीराव रेशीम कारखान्यातून निवृत्त झालेले, भुजंगरावांचे जुने शेजारी. उजवा हात मांडीवर निपचित. शर्टाची वरची दोन बटणं उघडी.

"बोल त्यांच्याशी," सिंधूताई हलकेच म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्यासारखं."

अदिती पुढं झाली. तिला माणसांशी नीट बोलता यायचं, उगाच लाडिक न होता. "नमस्कार काका. आज बरं वाटतंय का तुम्हाला?"

सयाजीराव सरळ झाले. डावा हात वर गेला आणि शर्टाचं बटण चाचपायला लागला. एका हातानं ते लागेना. ते लावत राहिले. "होय," म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "होय, मॅडम."

"जेवण झालं?"

"होय."

अदिती थांबली. बटण अजून लागलं नव्हतं.

सिंधूताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "काय काका, ऊटा झालं?"

बटणावरचा हात खाली आला. "झालं. झालं कसलं." शब्द अडखळत, एकेक ढकलत आले. "उप्पु... उप्पुच नाही. सारु... पाणी."

"मीठ बंद केलंय डॉक्टरनं तुमचं."

"डॉक्टर..." सयाजीरावांनी तोंड वाकडं केलं, वाकडं होतं त्याहून वाकडं. "त्याला... घाल. माझं सारु. बघू दे."

सहना तोंडावर हात ठेवून हसली. अदितीही हसली, पण तिचे डोळे त्या बटणावर होते.

दोघी परत खोलीत आल्या. बाहेर माळी झारीनं कुंड्यांना पाणी घालत होता.

"एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे," अदिती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"नव्हेच. शिवाय त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. ते माझ्याशी बोलणारच."

"पण मग तसंच लिहा ना. भाषा कालवण्यानं नाही, घरच्या बोलण्यानं माणूस सैल होतो. उपचार आहे तोच राहील, कारण तेवढं बदलेल. समितीलाही पटेल."

"लिहिता येत नाही. ते आपण मोजलेलं नाही."

"वाटतं तर तुम्हाला."

"मला आधीही एक गोष्ट वाटली होती, अदिती. छापून आली. बारा गावांना पोचली." सिंधूताईंनी दोन पानं तिच्यापुढं सरकवली. "जेवढं चुकलं तेवढं चुकलं म्हणायचं. पुढचं निशांत मोजेल, तू मोजशील. समितीपुढं मी येईन, निवृत्त झाले तरी येईन, दारात बसेन. पण खरं ते लिहूनच पुढं जायचं. दुसरी वाट नाही."

अदितीनं पानं हातात घेतली. पहिल्यापासून वाचायला लागली, बोट ओळीवर ठेवून, जशी ती वर्षानुवर्षं त्यांचं प्रत्येक लिखाण तपासत आली होती. सिंधूताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हलकं वाटत होतं. अवघड भाग झाला, असं वाटत होतं.

"सही करते," मागून आवाज आला.

"करशील ठाऊक होतं मला."

"पण हे अपुरं आहे."

सिंधूताई वळल्या. "काय राहिलं?"

"पहिलं रेकॉर्डिंग."

खोलीत काहीच बदललं नाही. माळ्याची झारी तशीच चालू होती.

"मूळ पेपरात आपलं एक वाक्य आहे," अदिती म्हणाली. "तुमचं आहे, मी तेव्हा नवी होते. 'शुद्ध वाक्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण तांत्रिक कारणांमुळे वापरता आलं नाही.' मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, पंखा चालू राहिला असेल, कुत्रं भुंकलं असेल. निशांतला जुन्या फायली काढून देताना ते सापडलं मला. हेडफोन लावून सगळं ऐकलं. पंखा नाही. कुत्रं नाही. बाहेरची गाडीसुद्धा नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आपल्याकडं पुन्हा कधी झालं नाही, सिंधूताई."

सिंधूताईंना ती दुपार आठवत होती, कारण ती त्या कधी विसरल्याच नव्हत्या. काचेची खोली, समोर माइक. सगळी वाक्यं त्यांनी स्वतः वाचली होती, शब्द न शब्द मराठी. मग हेडफोन लावून ऐकली. शब्द शुद्ध होते, पण चाल भुजंगरावांची होती. "पाहुणे आले आहेत, पाट मांडा" म्हणताना शेवट असा ओढलेला की स्वयंपाकघरातून कुणी हाक मारतंय. घरच्या माणसांना ऐकवायचं म्हणून पुण्यात घोटलेला स्वर त्यांनी मुद्दामच वापरला नव्हता. तेच बरोबर होतं. पण काचेच्या अलीकडं बसून ऐकताना त्यांना मेसमधलं टेबल दिसलं, जेवायच्या थांबलेल्या मुली दिसल्या. हे शुद्ध मराठी म्हणून जगापुढं ठेवायचं? पुण्यातल्या कुणी ऐकलं तर? पुढच्याच आठवड्यात चिंचवडची मुलगी आली होती, आणि तिनं पहिलं वाक्य वाचताच त्या म्हणाल्या होत्या, फार छान.

"ते वापरलं असतं तर आवाज एकच झाला असता," अदिती म्हणत होती. ती आता भांडत नव्हती. "कालवलेलंही तुमचं, शुद्धही तुमचं. ही चूक झालीच नसती. आणि टिपणात तुम्ही माझ्या आवाजाबद्दल अख्खा परिच्छेद लिहिलाय. तुमच्या आवाजाबद्दल एक ओळ नाही."

तिनं पेनाचं टोपण काढलं. पेन कोऱ्या जागेवर धरलं आणि थांबवलं.

"माझ्याबद्दलचं सगळं राहू दे. परकी होते, लिहा. पण ती एक ओळ घाला, मग माझी सही. कोणतं तांत्रिक कारण होतं?"

सिंधूताईंचा हात चष्म्याकडं गेला आणि मध्येच खाली आला.

"सिंधूताई? इथं आपण दोघीच आहोत. मला तरी सांगा."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली. टेबलावरची पानं तिथंच राहिली, अदितीच्या हाताखाली. त्या दारापर्यंत गेल्या, दार ओढून घ्यायचं राहिलं, तशाच बाहेर आल्या.

कॉरिडॉरमधल्या बाकावर सयाजीराव मुलाची वाट बघत बसले होते. सिंधूताईंना बघून त्यांचा चेहरा एका बाजूनं उजळला. ओठ जुळायला वेळ लागला.

"सिंधू," ते म्हणाले. "ऊटा... झालं?"

आपणहून त्यांनी कुणाला विचारलेली ही कितीतरी महिन्यांतली पहिली गोष्ट असावी. त्यांच्या समोरून सिंधूताई निघून गेल्या.